पाहायला येऊ नका

आसेगावच्या फाट्यावर पुण्याची एसटी थांबली. आईनं ज्वारीच्या पिठाची थैली माझ्या हातात कोंबली आणि कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत एकच सांगत राहिली, "बाई, परगावी दुखलं-खुपलं तं लहान दवाखान्यात जाय. मोठ्यात पाय ठेवू नोको." बाकीच्या आया म्हणतात, दिवेलागणीच्या आत घरी ये. माझी आई दवाखान्याचं बोलत होती.

चाकणला पॅकिंग लाइनवर लागले. खोलीत सोबत वनिता, जऊळक्याची. तिच्या आईनंही तिला हेच वाक्य बांधून दिलेलं. आम्ही हसायचो. मग एका संध्याकाळी वनिताला ताप भरला आणि सुपरवायझरच्या गाडीनं आम्हाला हायवेवरच्या चकचकीत हॉस्पिटलात नेऊन सोडलं. दारावर लाल अक्षरात 'इमर्जन्सी'. आत पलंग, वायरी, तपासण्यांवर तपासण्या. दुसऱ्या दुपारी सांगितलं, साधा व्हायरल आहे. गोळी तीच, जी आमच्या गल्लीतला डॉक्टर देतो. वनिताचा अख्खा पगार त्या काउंटरवर राहिला. "माय खोटं नोती सांगत," ती म्हणाली.

मी तेव्हा नुकतीच युनियनमध्ये शिरले होते. संतापले की पत्रक काढायचं, एवढंच येत होतं. काढलं. ताप, जुलाब, खरचटणं, मुरगळणं: गल्लीतला दवाखाना. छातीत दाब, दम कोंडणं, तोंड वाकडं होणं, बेशुद्धी, साप, न थांबणारं रक्त: सरळ इमर्जन्सी, आणि जवळ असेल तर आधी सरकारी. कंपनीच्या गेटवर वाटताना वाटलं, प्रश्न मिटला. माणसाला माहिती नसते म्हणून तो चुकतो, असं मी समजत होते.

यंदा सोयाबीन सोंगायला, कापणीला गावी गेले. सकाळी आई माझ्या पुढच्या तासात, पिकाच्या ओळीत होती. अचानक विळा टाकून खाली बसली. घामानं निथळत होती, हात डाव्या जबड्याशी. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाली. माझं पत्रक माझ्यासमोर मातीत बसलं होतं.

"पित्त हाये," आई म्हणाली. "लहान दवाखान्यात ने. एक सलाइन लावली का उठीन मी."

"मोठ्यात काहून नाही?"

"मोठ्यात नेलं का साऱ्या गोताले खबर जाते. जीपा भरून पाहाले येतीन. हंगामाचे दिवस हायेत, सगळ्यायची सोंगणी खोळंबीन. अन् तू कोनाकोनाले चाय पाजशीन?"

बाबा गेल्यापासून आमचं शेत काका पाहतात. तेही म्हणाले, "वैनी बरोबर म्हणून राह्यल्या. आधी सलाइन लावून पाहू."

तेव्हा कळलं की माझ्या पत्रकात अर्धंच होतं. आईला पैशाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती सोयऱ्यांची. आमच्याकडे कोणी मोठ्या दवाखान्यात पडलं की पाहायला जावंच लागतं. नाही गेलं तर पुढच्या लग्नापर्यंत बोलणं ऐकावं लागतं. मग केळी आणि बिस्किटं घेऊन वीस-वीस माणसं वऱ्हांड्यात बसतात आणि ऑक्सिजन लावलेली बाई इशाऱ्यानं सांगते, ह्यायले चाय द्या. लहान दवाखान्यात गेलं तर कोणाला पत्ता लागत नाही. आया म्हणूनच तिकडे जातात. काहीजणी तिथून परत येत नाहीत.

"काका, गोण्या उतरवा," मी ओरडले. शेजारच्या गणेशदादाचा गोण्या भरलेला पिकअप बांधावर उभा होता. आईला त्यात आडवं केलं. गावातून जाताना सलाइनवाल्या डॉक्टरची पाटी दिसली तशी आईनं हात वर केला. गणेशदादानं ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबशीन तं पाहाय," मी म्हणाले.

"मायवर गेली पुरी," तो पुटपुटला आणि गाडी वाशीमच्या रस्त्याला लावली.

सरकारी दवाखान्याच्या इमर्जन्सीत ईसीजी काढला, गोळ्या चावायला लावल्या, इंजेक्शन दिलं. हार्ट अटॅक होता. तिथूनच सरकारी गाडीनं अकोल्याला पाठवलं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "मध्ये कुठे थांबला नाहीत, म्हणून बोलतायत त्या."

अकोल्याच्या वऱ्हांड्यातून मी गावच्या ग्रुपवर आवाज टाकला: आई जगली. कोणी पाहायला यायचं नाही. यायचंच असेल तर विळा घेऊन आमच्या वावरात जा. मामाचा लगेच फोन, "सोयरीक तोडून राह्यली का वं तू?" मी म्हटलं, तोडत नाही, कामाला लावून राह्यले. मामा रुसले. पण दोन दिवसांनी वावरात सगळ्यात पुढच्या तासात तेच होते, आणि चहा घरून आणला होता.

शहरात मला भाषण देतात, तुमची माणसं अडाणी, वेळेवर येत नाहीत. अहो, दुखणं कुठलं हे डॉक्टरनं सांगायचं असतं. इथे ते आजारी माणसानंच आधी ओळखायचं, खिसा पाहायचा, नातं पाहायचं आणि मग दार निवडायचं! चुकीचं दार उघडलं तर पगार जातो, नाहीतर जीव. ही निवड आमच्या गळ्यात कोणी घातली, हे मी प्रत्येक गेटवर विचारणार आहे. पत्रक नवीन छापलंय. खाली एक ओळ वाढवली: पाहायला येऊ नका, कामाला या.

गाव सोडून गेलेल्यांनो, घर कुठलं असं कोणी विचारलं की मी आता आमचं कौलारू छप्पर सांगत नाही. ज्यांनी मला शिव्या दिल्या आणि आमचं सोयाबीन सोंगलं, ते माझं घर.

परतताना आई फाट्यापर्यंत आली, सावकाश चालत. पिठाची थैली काकांच्या हातात. गाडी आली तशी म्हणाली, "जाय. साधं दुखलं तं लहान्यात. छातीत दुखलं तं मोठ्यात." मग पदर खोचत म्हणाली, "पन मी पाहाले येनार नाही, सांगून ठेवते."