डॅशबोर्डवरचा शेवटचा हात

"वा! पॉलिश कोणी केलं?"

लकडगंजातल्या आपल्या दुकानात प्रेमानंद रामटेकेनं हा प्रश्न इतक्यांदा ऐकला होता, की गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आतच त्याच्या कपाळाला आठी पडायची. लाकूड निवडायचा तो. रंधा मारायचा तो. सांधा असा बसवायचा की त्यात नख शिरू नये. आणि गिऱ्हाईक दिवाणाच्या पाठीवरून हात फिरवून विचारणार काय, तर पॉलिश! मग आतल्या खोलीतून, पॉलिशच्या लाखेनं तांबूस झालेली बोटं पुसत नंदिनी बाहेर यायची. त्याची बायको.

"मीच शिकवलं तिले," तो घाईनं सांगायचा.

"मंग तुमच्या पुढं गेली की, भाऊ!"

गिऱ्हाईक हसायचं. नंदिनीही हसायची. रात्री भाकरी मोडताना प्रेमानंदला ते हसू आठवायचं आणि घास कडू लागायचा.

एप्रिलात श्वेता आली. तिच्या वडिलांची जुनी स्पोर्ट्‌स कार तिनं गॅरेजातून बाहेर काढली होती. लाल, दोन सीटांची, टप उघडणारी, तिच्या स्वतःच्या वयापेक्षा जुनी. डॅशबोर्ड मात्र गंजलेल्या पत्र्याचा, वरचं रेक्झिन फुटून लोंबत असलेलं.

"काका, मला इथं लाकूड पाहिजे. सगळे मीटर मधोमध आहेत, ते माझ्यासमोर आणायचे. आणि मोबाईल चार्ज करायला जागा, पण दिसायला नको."

"झाकण करू. फळीतच. रेषासुद्धा दिसनार नाही."

"मे महिन्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. गाडीसमोर कार्ड ठेवतात, त्यावर कारागिराचं नाव लिहीन मी."

कारागिराचं नाव. एक नाव. प्रेमानंद त्या दिवशी जेवला नाही नीट.

सीताबर्डीतलं एक कापड दुकान मोडलं तेव्हा त्याच्या काउंटरची सागाची फळी त्यानं उचलून आणली होती. कापडाचे तागे सरकून सरकून ती रेशमासारखी झालेली. कोणत्याच कामासाठी त्यानं ती आजवर कापली नव्हती. आता कापली. मीटरची पाच भोकं पाडली, कडा गोल केल्या, चार्जरचं झाकण फळीच्याच तुकड्यातून असं काढलं, की लाकडाच्या रेषा झाकणावरून तशाच पुढं धावत गेल्या.

नंदिनीनं पॉलिशचे आधीचे सगळे हात मारले. शेवटचा राहिला.

"हा मी मारतो," प्रेमानंद म्हणाला.

"काहून?"

"काहून म्हनजे? काम माझं आहे."

"मारा ना. मी कुठं नाही म्हणून राहिली? फक्त कूलर बंद करा."

"चव्वेचाळीस डिग्री आहे वं बाहेर! तुले नाटकं भल्ली सुचतात."

त्याच्या मते ते नाटकच होतं. कूलर बंद करायचा, घामानं निथळत बाहेर यायचं, म्हणजे गिऱ्हाईक म्हणणार, 'ताई, किती मेहनत!' त्यानं तिला शिकवलं तेव्हा कुठं कूलर होता? टिनाचं छप्पर होतं आणि एक पंखा. कूलर आला तोवर पॉलिश सगळं तिच्याकडं गेलं होतं. तेव्हापासून त्यानं लाखेत बोट बुडवलं नव्हतं.

नंदिनी बहिणीकडं हिंगण्याला गेली. प्रेमानंदनं कूलरात पाणी भरलं, तोंड फळीकडं वळवलं, कापसाची पुरचुंडी लाखेत भिजवली आणि हात चालवला. लांब, सरळ, न थांबता. हात विसरला नव्हता! फळी उजळली. तीत त्याला स्वतःचं तोंड दिसलं.

त्यानं दोन पावलं मागं जाऊन आवाज बदलून विचारलं, "वा! पॉलिश कोणी केलं?"

"मी केलं ना, बापा!"

म्हणता म्हणता ते तोंड पुसट झालं. फळीवर ताक सांडल्यासारखं काही पसरत होतं. त्यानं घाईनं आणखी एक हात मारला. पांढरेपणा आणखी दाटला.

नंदिनी चार वाजता परतली. फळीकडं पाहिलं.

"कूलर चालू होता?"

"नाही. लाखच खराब निघाली."

कूलरच्या खालून पाणी ठिबकत होतं. टप. टप. दोघांनीही ते ऐकलं.

"ओली हवा लागली का लाख पांढरी पडते," ती म्हणाली, फळीशीच बोलावं तशी. मग पदर खोचला, समोरचं दार सताड उघडून झळा आत घेतल्या, फळी कोरडी तापू दिली. पुरचुंडीला जेमतेम स्पिरिट लावलं आणि माशी बसावी इतक्या हलक्या हातानं फिरवू लागली.

प्रेमानंद भिंतीला टेकून पाहत होता. पाच भोकं त्याची. झाकण त्याचं. त्याच्याच कामाची लाज राखली जात होती, आणि तरी क्षणभर त्याला वाटलं, जाऊ नये हा डाग. राहू दे. सगळी फळी फुकट जाऊ दे, पण हिच्या हातानं निघू नये.

निघाला. आधी कडेचा, मग मधला. सागाच्या रेषा पुन्हा वर आल्या.

संध्याकाळी श्वेता आली ती दारातच थांबली. "अगं बाई! पॉलिश कोणी केलं?"

"यांनी," नंदिनी म्हणाली. "शेवटचा हात यांचाच. कार्डावर यांचंच नाव लिहा."

श्वेतानं मोबाईल काढला. "सांगा काका, पूर्ण नाव."

याच क्षणासाठी त्यानं काउंटरची फळी कापली होती. पण ते नाव नंदिनी त्याला देत होती, ताटात वाढावं तसं. ते त्याच्या घशाखाली उतरेना.

"दोन लिहा," तो म्हणाला. "लाकूड, प्रेमानंद रामटेके. पॉलिश, नंदिनी रामटेके."

नंदिनीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"पन माझं वर लिहा."

"हो, त्यांचं वरच लिहा," ती हसून म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिहा."

इतकं सोपं कसं जातं हिला? तो पुन्हा जळला.

श्वेता गेल्यावर तो घाम पुसत कूलरच्या बटनाकडं गेला.

"का हो! अजून वाळून राहिलं ना ते."

त्यानं हात मागं घेतला आणि झळांमध्ये, फळीसमोर, स्टूल ओढून बसून राहिला.