मोटेच्या वहाणा

मोशीच्या मालोजींनी विहिरीवर तेलावरचं इंजिन बसवलं, तेव्हा बैल विकून टाकले आणि पाणी उपसायची कातडी मोट कापून तिच्या वहाणा शिवून घेतल्या. शेजारच्या आक्काबाईला ते हसून म्हणायचे, "आक्का, बैलांच्या शेपट्या अजून किती दिवस पिरगाळणार?"

छप्पन साली सुएझच्या कालव्यावर लढाई पेटली, जहाजं अडली आणि चाकणच्या दुकानात इंजिनाचं तेल मिळेना. विहीर भरलेली, पण बटाट्याच्या रानाला भेगा पडल्या. शेवटी मालोजी आक्काबाईच्या बांधावर गेले.

"आक्का, दोन दिवस बैल अन् मोट देशील का?"

"लढाई कुठं, अन् तहान कुणाच्या रानाला," आक्काबाई म्हणाली. "उद्या गनीम सरहद्दीवर आला, तर सरकारबी असंच परक्याच्या तेलाची वाट बघत बसंल व्हय? अन् तुझी मोट कुठं हाय?"

मालोजींची नजर पायांकडं गेली. आक्काबाईनंही तिकडंच पाहिलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिनं गोठ्यातले बैल सोडून आपल्या मोटेसकट त्यांच्या हवाली केले.

पुढं तेल मिळू लागलं, तरी मालोजींच्या गोठ्यात बैलजोडी असायचीच. कुणी कारण विचारलं की ते विषय बदलायचे.