ठोकेमास्तरांचा पांढरा ठिपका

गावाबाहेरच्या मोठ्या बंगल्याच्या बागेत दोनशे चौदा जुनी झाडं होती, आणि त्यांतल्या एकेकाची प्रकृती ज्यांना तोंडपाठ होती ते म्हणजे ठोकेमास्तर. हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. लाकडी हातोडा घेऊन दर वर्षी प्रत्येक बुंध्यावर ठोके मारत, कान लावून फिरणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? आणि मास्तर एवढ्यासाठी, की ते झाडांना पास-नापास करायचे. भरीव खोड खणखणीत बोलतं, आतून कुजलेलं नुसतं ढब्ब करतं. पास झालेल्याला पांढरा ठिपका, नापासाला लाल. लाल ठिपक्याच्या झाडाभोवती दोरी बांधायची, पांढऱ्याखाली बाकं मांडायची.

बंगल्याच्या शेवटच्या मालकीणबाईंनी घर, तळं, बाग सगळं लोकांना देऊन टाकलं होतं. ज्यांच्या घराला अंगण नाही त्यांनी इथे येऊन बसावं, असं त्यांनी मृत्युपत्रातच लिहिलं होतं. तेव्हापासून चपलांवर कापडी पिशव्या चढवून आतले आरसे आणि पलंग बघणारे पाहुणे वेगळे, आणि बाहेर सावलीत पाय पसरून डबे सोडणारे वेगळे. मास्तरांचा जीव या दुसऱ्यांवर. "आतला आरसा फुटला तर आरसा जातो," ते म्हणायचे, "माझं चुकलं तर माणूस जातो." एकतीस वर्षांत आपलं एकदाही चुकलं नाही याचा त्यांना गर्व होता. थोडाथोडका नव्हे, चांगला मिशीला पीळ देण्याइतका.

कामाची त्यांची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी अवजारांच्या खोलीमागच्या पोकळ खोडावर एक ठोका मारायचा, मग शेजारच्या धडधाकट झाडावर एक. दोन्ही आवाज कानात बसवून घ्यायचे आणि मगच बागेत शिरायचं. गवई आधी सूर लावून घेतो तसंच.

या वर्षी पोकळ खोड ढब्ब वाजलं. शेजारचं धडधाकट झाडही ढब्ब वाजलं.

मास्तरांनी पुन्हा ठोकलं. हातोडा बदलून ठोकलं. एकदा डावा कान लावला, एकदा उजवा. ढब्ब. हे झाड एका वर्षात कुजणारं नव्हे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग बिघडलं होतं काय? "सर्दी झाली असेल," त्यांनी स्वतःला बजावलं. नाक तर चांगलं कोरडं होतं.

आणि मग त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. गेल्या वर्षीची वही काढली आणि तिच्यात बघून ठिपके देत सुटले. कोणी पाहत असेल तर ठोका मारायचा, डोळे मिटून मान हलवायची, आणि वहीत पांढरा असेल तर पांढरा. शुद्ध भित्रेपणा होता तो, त्याला दुसरं नाव नाही. चार दिवसांत सगळ्या झाडांचा निकाल लागला. मॅनेजरबाईंनी यादीवर त्यांची सही घेतली आणि म्हणाल्या, "रविवारी बाग उघडतोय. तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली यंदा बारा बाकं टाकते. चालतील ना?"

मास्तरांनी वही पाठीमागे धरली. "चालतील की," ते म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी त्यांना घास उतरेना. ताटावरून उठावं तर बायको विचारणार, न उठावं तर तिच्यासमोर बसून राहायचं. शेवटी त्यांनीच तोंड उघडलं.

"अगं, मला कमी ऐकू येतं का?"

तिचा हात भांड्यातच थांबला. ती म्हणाली, "तीन वर्षं झाली."

"तीन?"

"दारावरची घंटा ऐकू येईना तुम्हाला, तेव्हापासून. म्हटलं, उगाच मनाला लावून घ्याल. म्हणून मीच मोठ्याने बोलायला लागले. शेजारच्यांना वाटतं, आपण रोज भांडतो."

"आणि माझं काम? ते गं?"

"तुम्हीच म्हणायचात ना, झाड हाताला बोलतं म्हणून! मला वाटलं, कानांचं काय एवढं."

म्हणायचे खरे. पाहुण्यांपुढे फुशारकी मारायला म्हणायचे. तीन वर्षं, तीन याद्या, तीन सह्या. आणि त्या झाडांखाली तीन वर्षं लोकांनी लेकरं निजवली होती.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर चल," ते म्हणाले. "मी ठोकतो. तू ऐक."

रविवारी उजाडताच दोघं तळ्याकाठी गेली. मास्तरांचा पहिला ठोका सालीवरून घसरला. दुसऱ्या ठोक्याला बायको म्हणाली, "खणखणीत आहे हो." त्यांना जरा धीर आला. मग ते वळसा घालून पाण्याच्या बाजूला गेले आणि तिथे ठोकलं. तिचा चेहरा उतरला.

"परत मारा बघू."

त्यांनी मारला. तिने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना झाडापासून लांब ओढलं. "रिकाम्या पिंपासारखं वाजतंय," ती म्हणाली. "खालपासून वरपर्यंत."

एवढ्यात फाटक उघडलं. सावलीतली बाकं पटकवायला लोक पळत आले. मास्तर हात पसरून आडवे आले, ओरडले, "मागे व्हा! इथे बसू नका!" बरेचसे थांबले. एक बाई मात्र बाजूने जाऊन मधल्या बाकावर बसली होती, मांडीवर झोपलेलं बाळ. तिने खोडावरच्या ठिपक्याकडे बोट केलं आणि हसून काहीतरी म्हणाली. मास्तरांना तिचे नुसते ओठ दिसले.

त्यांनी वर पाहिलं. घराएवढी फांदी तिच्या डोक्यावर होती. ती कडकडली असती तरी त्यांना कळणार नव्हतं. आयुष्यात ते इतके कधीच घाबरले नव्हते. पाय मागे पळत होते आणि ते जीव मुठीत धरून पुढे जात होते. बाकापाशी पोचले आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

"बाई, उठा. तो ठिपका खोटा आहे. मी दिलाय. मला ऐकू येत नाही."

इतक्या मोठ्याने म्हणाले की बाळ जागं झालं. बाई उठली, बाळाला छातीशी धरून बाहेर धावली. मास्तर तिच्यामागून आले तर समोर मॅनेजरबाई उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हे एकच झाड?" त्यांनी सावकाश, ओठ स्पष्ट हलवत विचारलं.

"तीन वर्षांचे सगळेच ठिपके," मास्तर म्हणाले.

मॅनेजरबाईंनी पहारेकऱ्याला फाटक लावायची खूण केली. लोक डबे, चादरी उचलून कुरकुरत बाहेर निघाले. जाता जाता मॅनेजरबाई मास्तरांच्या बायकोजवळ थांबल्या, काहीतरी बोलल्या आणि पाठ फिरवून गेल्या.

"काय म्हणाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. काळजी घ्या म्हणाल्या."

मास्तर तिच्या समोर येऊन उभे राहिले. "आता तरी खरं सांग गं."

तिचे डोळे भरून आले. मग नेहमीसारखी मोठ्याने, एकेक शब्द तोडत ती म्हणाली, "म्हणाल्या, यांना परत झाडाला हात लावू देऊ नका."

"बरोबर आहे त्यांचं," मास्तर म्हणाले, आणि हातोडा तिच्या हातात दिला.