पाताळगंगेची परवानगी

कर्जतला गाडीतून उतरलो, तेव्हा आमचं सामान पाहून हमालच आधी बुचकळ्यात पडला. एवढी लांबट गुंडाळी तंबूची की कनातीची, असं त्याने विचारलं. ती होडी होती. लष्कराचं जुनं सामान विक्रीला निघालं, त्यात माझा धाकटा भाऊ मधू याने ही घडीची कॅनव्हासची होडी घेतली होती. लढाई संपून तो ब्रह्मदेशातून परत आला, पण घरात कोणाशी धड बोलत नव्हता. खोपोलीपासून पाताळगंगेने खाली जायचं, वाटेत काठावर तंबू ठोकून मुक्काम करायचा, एवढं एकच त्याने ठरवलेलं. आईने त्याला एकटं सोडलं नाही. म्हणून शाळेतून रजा काढून मी निघाले. मला पोहताही येत नव्हतं.

कर्जतच्या जंगलखात्याच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, शिकार का? नाही म्हटलं. मासेमारी? तीही नाही. मग नदी आमच्याकडे येत नाही, तो म्हणाला. तंबूचं मात्र कुठल्या काठाला ठोकणार त्यावर आहे. एका काठाला कुठेकुठे राखीव जंगल लागतं, दुसऱ्या काठाला लोकांची शेतं. आम्हाला काठच ठाऊक नव्हते. त्याने खालापूरच्या कचेरीत जायला सांगितलं.

पळसदरीवरून जाणाऱ्या छोट्या गाडीने खोपोलीला पोचलो. पौष महिना असूनही नदी भरून वाहत होती. चहावाला म्हणाला, हे वीजघरातून सुटलेलं पाणी. तिथलं काम कमी झालं की नदीही उतरते. मग ही नदी कोणाची, सरकारची की वीजघराची, असं मी विचारलं. ते त्यालाही सांगता येईना. त्याच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि बिरडं (मोड आणून सोललेल्या वालाची उसळ) वाढलं. त्या दिवसात मला नीट कळलेली गोष्ट तेवढीच.

खोपोलीच्याच शिळफाट्यावरून भाड्याच्या मोटारीने खालापूर गाठलं. तिथले अधिकारी सभ्य होते. हेतू काय, एवढंच त्यांना लिहायचं होतं. मधू खिडकीबाहेर बघत राहिला. अखेर मीच म्हणाले, हवापालट. त्यांनी तसं लिहिलं, शिक्का मारला. परवानगी नदीची मिळाली, काठाची की हवेची, ते मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोपोलीच्या खाली एका शेताच्या कडेला आम्ही होडी उघडली. भातकापणीनंतर शेतात वाल पेरलेला होता. मधू तंबूच्या खुंट्या बाजूला काढत होता, तेवढ्यात एक पन्नाशीची बाई हातात विळा घेऊन आली. मागून तिचा नवरा.

"मोजनी हाय का?" तिने विचारलं.

तिला धीर यावा म्हणून मी कागद दाखवला. शिक्का पाहताच ती मागे सरली आणि नवऱ्याने वरच्या शेतातल्या माणसांना हाक दिली. बघता बघता सातआठ जण जमले. घाटावर वीजघरासाठी तलाव झाला, तेव्हा तिचं माहेर पाण्यात गेलं होतं, असं नवऱ्याने सांगितलं. तेव्हाही आधी खुंट्या आणि कागदच आले होते. मी समजावू लागले तसतसे त्यांचे चेहरे आणखी बंद होत गेले.

मधूने माझ्या हातातून कागद घेतला आणि खिशात घातला.

"मावशी, रान तुमचं आहे," तो म्हणाला. "तुम्ही नको म्हणालात तर जात नाही."

"पन कशापायी जायचं रं तुला?"

मधूने हातातली खुंटी खाली ठेवली.

"लढाईत आम्ही होड्यांतून माणसं पलीकडे न्यायचो. कायम अंधारात. काही परत आणताना जिवंत नसायची. नदी दिसते कशी, ते मी बघितलंच नाही. एकदा उजेडात होडीत बसायचंय."

महिनोन्‌महिने आम्ही घरातल्यांनी जे विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं होतं. मला रडू येत होतं आणि कोणाकडे बघावं ते कळत नव्हतं.

तिने खुंट्यांकडे बोट केलं. "ह्या हितं ठेव. खुंटी कुटं ठोकायची नाय. दिस हाय तवर जा नि माघारी ये. मी बघत्ये."

म्हणजे मुक्काम रद्द झाला. मधूने मान डोलावली. मी होडीची कड घट्ट धरून बसले. त्याने वल्हं मारलं. ती बाई काठाकाठाने आमच्या बरोबरीने चालत होती. राखण करत होती की सोबत, ते मला ओळखता येईना. पाणी हिरवं होतं, तळाचे गोटे दिसत होते. मधू पुढे बघायचं सोडून सारखा खाली वाकून बघत होता.

तिच्या नवऱ्याने आमचं सामान अंगणात नेऊन ठेवलं होतं, ते घेऊन संध्याकाळी आम्ही परतलो. कर्जतला पुण्याची गाडी यायला वेळ होता. इतक्या कचेऱ्या हिंडून आपण नक्की कोणाच्या परवानगीने गेलो, हे कोडं मला सुटत नव्हतं. खरं तर अजूनही सुटलेलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा येशील का, असं मी मधूला विचारलं.

"मावशींना विचारून," तो म्हणाला.