खालच्या सुरातल्या नऊ बायका

इद्वल प्रिस सर ऑर्गनला बसण्याआधी ओल्या रुमालाने पट्ट्या पुसत. आदल्या रविवारी दुसऱ्या कुणी वाजवला असेल तर दोनदा. प्रवचन चालू असताना पेपरमिंट चघळत, आणि पाद्री लांबला की ती कडकन फोडत. पेन्सिलीला टोक चाकूनेच काढत. टाळ्या कधी वाजवत नसत. त्यांच्या रचनेला कुणी ‘गोड’ म्हटलं की एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करत.

माब्लीला हे शाळेपासून ठाऊक होतं. संगीत तिला त्यांनीच शिकवलेलं. साहित्याची पदवी घेऊन ती वेल्समधल्या आपल्या गावी, ब्रिन हेलिगला परतली, तेव्हा तिच्याशी पुस्तकांवर बोलणारं गावात एकच माणूस होतं. ते म्हणजे सर, एकाहत्तर वर्षांचे.

सरांचे वडील पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला. सर कार्डिफला शिकले. मँचेस्टरच्या वाद्यवृंदात त्यांनी नऊ वर्षं व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजवला. आई आजारी पडली म्हणून परतले आणि शाळेत चिकटले. चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली त्यांची मोठी रचना एकदाच वाजली, बावीस श्रोत्यांपुढे. गाव त्यांना ओळखायचं ते सात स्तोत्रांच्या चालींमुळे.

गावच्या चॅपलला, म्हणजे प्रार्थनाघराला, दीडशे वर्षं होणार होती. समितीने सरांकडे गायनसमूहासाठी नवी रचना मागितली. दोन हिवाळे त्यांनी तिच्यात घातले. तिचा जीव होता खालच्या सुरात, आणि तो सूर गाणाऱ्या बायका नऊ. सगळ्यांत धाकटी सदुसष्टची. प्रत्येकीचा आवाज ओळखून सरांनी प्रत्येकीला वेगळी ओळ दिली. शेवटच्या कडव्यात बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, या नऊ जणींनीच गायचं.

“या आवाजांना गंज चढलाय,” सर म्हणायचे. “मला तो गंजच हवाय.”

या बायकांना पाच रेघांची छापील स्वरलिपी वाचता येत नव्हती. लहानपणी चॅपलच्या रविवारच्या शाळेत त्या अक्षरी लिपी शिकल्या होत्या. स्वरांची नुसती आद्याक्षरं, मधे टिंबं आणि दंड. जुनी पिढी सगळी त्यावरच गायची.

समितीच्या बैठकीत गायनसमूहाचा नवा संचालक मेलिर म्हणाला, “टीव्हीवाले येणारेत. थरथरत्या आज्यांची रांग कशाला दाखवायची?”

अध्यक्ष मिसेस एलिस चहात बिस्कीट बुडवत होत्या. “हाकलायचं नाही हं, बाळा. वाईट दिसतं. प्रती पाच रेघांच्याच वाट. आपणहून गळतील.”

सगळे हसले. माब्ली समितीची चिटणीस होती. तीही थोडी हसली. इतिवृत्तात तिने लिहिलं, ‘ज्येष्ठ सदस्यांनी स्वेच्छेने विश्रांती घेण्याचे ठरवले.’ वाक्य तिला सुबक वाटलं.

तालमीला त्र्याऐंशी वर्षांच्या कादीने कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उलटा केला.

“काय गं माब्ले, माशांनी घाण केलेला कागद दिलास होय?”

“हेच छापून आलंय, कादीआजी.”

“मग खालचा सूर मेलिरलाच गायला सांग. मिशी फुटलीय, जमेल त्याला.”

पुढच्या तालमीला पाच जणी आल्या. त्याच्या पुढच्या तालमीला एकही नाही.

सरांनी इतिवृत्त मागवून घेतलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

“स्वेच्छेने. हा शब्द कुणाचा?”

“माझा, सर.”

“शिसारी येते, पोरी. त्या समितीवाल्यांची नाही. ते तसलेच.”

सर माब्लीला घेऊनच मिसेस एलिसच्या दारात गेले.

“त्या नऊ जणी गाणार नसतील तर रचना परत द्या.”

“अहो सर, आम्ही कुठे नाही म्हटलं?” मिसेस एलिसच्या आवाजात साखर होती. “पुढच्या शनिवारच्या तालमीला प्रत्येकीच्या हातात वाचता येईल असा कागद असू दे. लगेच उभ्या करते. पण नऊच्या नऊ हं. तुटकी ओळ कॅमेऱ्यात बरी दिसत नाही.”

दहा दिवस होते. नऊ जणींच्या नऊ ओळी, त्यामुळे एकीची झेरॉक्स दुसरीला चालणार नव्हती.

“मी लिहू लागते,” माब्ली म्हणाली.

“तुला ही लिपी येते कुठे? मीच शिकवली नाही तुमच्या पिढीला. जुनाट वाटली मला. तेव्हा मीही मिसेस एलिसच होतो.”

सर लिहायला बसले. माब्ली भाकरीचे तुकडे आणि सूप नेऊन द्यायची. बऱ्याचदा ते तसंच गार होऊन पडायचं. गुरुवारपर्यंत सहा प्रती झाल्या; होतील तशा माब्लीने त्या पोचवल्या. शुक्रवारी सकाळी दूधवाल्याला सर टेबलाशी कलंडलेले दिसले. इस्पितळात पोचायच्या आतच ते गेले.

शनिवारी नऊही जणी काळे कपडे घालून आल्या. सहा जणींच्या हातात कागद होते. मिसेस एलिसनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि कागद मोजले.

“नऊ नाहीत ना गं,” त्या म्हणाल्या. “काय करणार?”

दीडशेव्या वर्षाच्या सोहळ्यात खालचा सूर कॉलेजच्या मुलींनी गायला. स्वच्छ, गुळगुळीत. कार्यक्रम ‘सरांच्या स्मृतीस’ अर्पण केला होता. मिसेस एलिस रडल्या, तेही कॅमेऱ्याकडे तोंड करून. नंतर हॅमचे सँडविच होते. मेलिर भरल्या तोंडाने म्हणाला, “सर वरून ऐकत असतील.” त्याच्या ओठाला लोणी लागलं होतं. माब्ली घास रुमालात थुंकून बाहेर पडली.

सरांच्या घराची किल्ली तिच्याकडे होती. टेबल कुणी आवरलं नव्हतं. सातवी प्रत कादीची. दोन पानं भरलेली. तिसऱ्यावर दंड आखलेले, खाली शेवटच्या कडव्याचे शब्द पूर्ण लिहिलेले. वर स्वरांची अक्षरं पहिल्या चार मात्रांपुरतीच. आठव्या आणि नवव्या कागदावर नुसती नावं.