महाळुंग्याची मुटकी आणि पथ्यावरचे अण्णा

महाळुंग्याला फिरायला चाललेय म्हटल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, "कुठल्या रिसॉर्टला?" चारी बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आणि रस्त्यावर कंटेनरची रांग, अशा चाकणजवळच्या गावाला हौसेने सुट्टी काढून जाणारी बहुतेक मी पहिलीच. पण कारणच तसं होतं. आमचे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीन चालवून निवृत्त झाले, आता आमच्याबरोबर पिंपळे सौदागरला राहतात. गेल्या महिन्यात सोसायटीच्या गेटपाशी त्यांना चक्कर आली. वॉचमनने वेळेवर धरलं म्हणून डोकं वाचलं. डॉक्टरांनी साखर तपासली, रिपोर्ट वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. "मैदा बंद, तळलेलं बंद. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, अख्ख्या धान्याचं."

झालं! मी मोबाईलवर व्हिडिओ बघून कामाला लागले. नाचणीचे, ज्वारीचे, सातूचे, एका घासात मावतील असे गोळे. अण्णा एक गोळा तोंडात टाकायचे, बराच वेळ त्याच्याशी झगडायचे आणि म्हणायचे, "मीनल, कंपनीत हा पीस मी रिजेक्ट केला असता. हार्डनेस जास्त आहे."

इथवर गंमत होती. पण पुढच्याच आठवड्यात अण्णा दापोडीला जुन्या मित्रांबरोबर समोसे खाताना माझ्या नवऱ्याला, संदीपला, सापडले. घरी बापलेकांत चांगलीच जुंपली. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद, आणि माझे गोळे वाटीत तसेच. मला राग आला होता, पण त्याहून भीती जास्त वाटत होती. परत चक्कर आली आणि तेव्हा धरायला कोणी नसलं तर?

अशात किसनरावांचा फोन आला. हे अण्णांच्या शेजारच्या मशीनवरचे, मूळचे महाळुंग्याचे. अण्णा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "आरं, मलाबी साखर हाय की! पन आमची मंडळी ज्वारीची मुटकी करती. कंपनीतली मान्सं बी हानत्यात. ये की सुनंला घिऊन." अण्णांचा चेहरा एकदम खुलला. मुटक्यांसाठी खुलला, असं मला तेव्हा वाटलं. मी मंगळवारची रजा टाकली.

तुम्हाला जायचं असेल तर माझी पहिली सूचना: मंगळवारी जाऊ नका. गुरुवारी जा. इकडे बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि रस्ता जरा श्वास घेतो. अण्णांनी हे मला सांगितलं, पण बसमध्ये बसल्यावर.

नाशिक फाट्याहून चाकणची बस मिळते. भोसरीपर्यंत आम्ही छान गेलो. मोशीच्या पुढे बस जी थांबली ती थांबलीच. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, बाजूला नव्याकोऱ्या गाड्या लादलेला आणखी एक ट्रेलर. पाऊण तासाने अण्णांना भूक लागली. मी डबा उघडून नाचणीचा गोळा पुढे केला. त्यांनी तो अत्यंत आदराने शेजारी बसलेल्या, कंपनीचा गणवेश घातलेल्या गृहस्थांना दिला. "घ्या राव, सुनेने केलंय."

ते लातूरकडचे होते. त्यांनी गोळा तोंडात टाकला आणि त्यांचा जबडा हळूहळू थांबला.

"कशाचं हाय ओ हे?"

"नाचणीचं," मी म्हटलं.

त्यांनी पाण्याची बाटली काढली, अर्धी रिकामी केली आणि म्हणाले, "ताई, लई पौष्टिक लागायलंय."

अण्णा खिडकीकडे तोंड करून हसत होते. खांदे हलत होते. कित्येक दिवसांनी ते हसले होते, म्हणून मी अपमान गिळला. गोळ्यापेक्षा तो सहज गेला.

चाकणच्या चौकात उतरून तळेगाव रस्त्याने शेअर रिक्षा घ्यायची. सुट्टे पैसे जवळ ठेवा, आणि मांडीवर कोणाची तरी बॅग येईल ही तयारी ठेवा. जाता-येता दोघांचा खर्च एका साध्या हॉटेलातल्या थाळीपेक्षा कमी झाला.

किसनरावांचं घर तीन मजली. वरचे दोन मजले कंपनीतल्या कामगारांना भाड्याने दिलेले, खाली गोठ्याच्या जागी टेम्पो उभा. चहा झाल्याबरोबर किसनराव उठले. "चल भावा, तुला शेत दाखवतो." आणि दोघं तरातरा निघून गेले.

किसनरावांच्या बायको, जनाकाकू, मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी गव्हाचा भरडा, मूठभर बेसन, चिरलेली मेथी, लसूण-मिरचीचा ठेचा, ओवा, तीळ, हळद, मीठ. मी सवयीने नळाखाली भांडं धरलं.

"आगं न्हाई!" काकू ओरडल्या. "गार पान्यात ज्वारी कशी एकजीव व्हईल? तडकती ती. वर घट्ट दाबलीस की दगूड."

माझ्या महिनाभराच्या संशोधनाचा निकाल तीन वाक्यांत लागला. काकूंनी उकळतं पाणी पिठावर ओतलं, दहा मिनिटं झाकून ठेवलं आणि गरम असतानाच मळलं. मग मुठीत हलकं दाबून अंगठ्याएवढी मुटकी वळायची, चाळणीवर पंधरा मिनिटं वाफवायची, आणि चमचाभर तेलात मोहरी-तिळाची फोडणी देऊन परतायची.

"एवढी लहान का करता?" मी विचारलं.

"कंपनीच्या गेटावर माझ्या पुतन्याची च्याची टपरी हाय, तितं देते. टी-ब्रेक दहा मिन्टांचा. मान्साचं हात तेलकट. काडीनं उचलायचं, येका घासात गडप. मोटं केलं तर निम्मं खिशात घालत्यात."

पहिलं मुटकं मी उभ्यानेच खाल्लं. बाहेरून तीळ कुरकुरीत, आत मऊ, शेवटी मेथीचा किंचित कडवटपणा. मी चार खाल्ली आणि म्हटलं, "अण्णांनाही गरम गरम द्यायला हवीत. शेत किती लांब आहे?"

"शेत?" काकूंचा हात थांबला. "शेत जाऊन बारा वर्सं झाली की. तितं आता कंपनी हाय."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. काकूंनी मुटक्यांचा डबा उचलला. "चल."

गेट पाच मिनिटांवर. टपरीच्या मागे दोन म्हातारे भिंतीकडे तोंड करून उभे होते. काकूंनी नुसतं "अहो" म्हटलं आणि किसनराव गर्रकन वळले. त्यांच्या हातात बटाटेवड्याची प्लेट.

"ह्यो त्याचा हाय," ते म्हणाले.

"मी फक्त सोबत उभा आहे," अण्णा म्हणाले. मिशीला चटणी लागली होती.

काकूंनी काही उत्तर द्यायच्या आत भोंगा झाला आणि गेटमधून माणसं बाहेर आली. टपरीवाल्याने मुटकी एका मोठ्या परातीत ओतली. सात-आठ जण परातीभोवती, हातात काड्या. "काका, सरका जरा." "अय, माझ्यासाठी ठिव की!" अण्णा गर्दीत सापडले. कोणीतरी त्यांच्याही हातात काडी दिली. त्यांनी एक मुटकं उचललं. मग दुसरं. तिसऱ्याला एकाशी काडीची लढाई झाली आणि अण्णा जिंकले. वडा प्लेटमध्ये गार होत होता. अर्धाच. उरलेला अर्धा कुठे गेला, हे मी विचारलं नाही.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीपाशी बसले. मोशीच्या आसपास म्हणाले, "तुला वाईट वाटेल, पण सांगतो. कंपनीत आम्ही चौघं एका डब्यात जेवायचो. घरी तुम्ही एकीकडे जेवता, आणि माझी वाटी वेगळी येते. दवाखान्यात असल्यासारखं वाटतं गं."

महिनाभर मी त्यांची साखर मोजत होते. ते एकटे जेवतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

बुधवारी मी मुटकी केली. पहिला घाणा चाळणीतच विरघळला, पाणी जास्त झालं होतं. दुसरा जमला. एकाच ताटात सगळी ओतून ताट टेबलाच्या मध्यभागी ठेवलं. वेगळी वाटी नाही. संदीप ऑफिसातून आला, अण्णांकडे न बघता एक उचललं, मग पाच. अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "आठवड्याला किती समोसे होतात रे तुझे?" इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य हे. भांडण पुन्हा पेटलं, पण निदान ते समोरासमोर बसून. शेवट, संदीपची तरी साखर ठीक आहे का, या पैजेवर झाला आणि शनिवारी दोघं उपाशीपोटी रक्त तपासायला गेले.

या प्रवासातून काय उरलं? उकळत्या पाण्याची युक्ती, एक मोठं ताट. अण्णांची साखर थोडी उतरलीय, अजून बरीच उतरायचीय. संदीपची मात्र काठावर निघाली. रिपोर्ट हातात घेऊन तो सोफ्यावर पांढराफटक बसला होता. अण्णा त्याच्या शेजारी जाऊन बसले, पाठीवर हात ठेवला आणि मी लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकला नव्हता इतक्या प्रेमळ आवाजात म्हणाले, "घाबरू नको बाळा. मी आहे ना. आता दोघं मिळून खाऊ."