माझ्या नावाआधी कै.

वारूळवाडीच्या फाट्यावर चहा पीत होतो. बाकावरच्या एका गाडामालकानं मोबाईलमधून डोकं वर काढलं आणि म्हणाला, "काय राव, गेलात कधी? दहाव्याला तरी बोलवायचं!"

सगळे हसले. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. आमच्या गावच्या यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीची पत्रिका होती, छापायच्या आधी कमिटीनं ग्रुपवर टाकलेली. माझी शाळा चौथीत सुटली, पण स्वतःचं नाव वाचायला चौथी पुरते. नाव माझंच. त्याच्या आधी कै. आणि वरच्या ओळीत माझा गेलेला थोरला भाऊ 'श्री.' होऊन बसलेला.

आमचा गाडा दोघांच्या नावानं पळतो. आधी दादाचं नाव, मग माझं. बैल दादानं आणला, दादानंच घडवला. तो गेला म्हणून नाव उतरवायचं, ही आमच्या घरची रीत नाही. आणि घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, निवेदक कागदावर असेल तेच माईकवर पुकारतो. म्हणजे मी कडेला धडधाकट उभा, आणि भोंग्यावर कैलासवासी!

कमिटीच्या अध्यक्षाला फोन लावला. तो म्हणाला, "तुमच्या दादाचं नाव काढून टाकू ना, भाऊ. मंग कै. बी जातं, सगळेच श्री. राहत्यात. गेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"मला पडतो," म्हणालो आणि मंचरची गाडी धरली.

पत्रिका तिथल्या एका डीटीपीच्या दुकानात जुळत होती. दुकान चालवणारी बाई माझ्या सुनेच्या वयाची. "बसा बाबा. अध्यक्षांचा फोन आलाय. एक नाव काढायचंय ना?"

"नाव काढायचं न्हाई. कै. त्याच्या जागेवर न्यायचं."

तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. मी बोट ठेवून ओळ ओळ वर गेलो. श्री.-कै.चा एक अरुंद रकाना, नावांचा दुसरा, गावांचा तिसरा. आमच्या वरच्या ओळीत एक बडी असामी. तिला नुसतं श्री. चालत नाही, 'समाजभूषण श्री.' लागतं. ते त्या अरुंद रकान्यात मावेना, म्हणून तिचं श्री. खाली घसरलं ते दादाला चिकटलं, आणि दादाचं कै. घसरलं ते माझ्या बोडक्यावर. माझ्या खालच्यांचंही सगळं घसरलं होतं, पण तिथं सगळेच श्री., कुणाचं कुणाला गेलं कोण बघतो!

"समाजभूषण काढ."

"त्यांनी जाहिरात दिलीय, बाबा. अक्षर बारीक करून बघते." केलं. कै. मुंगीएवढं झालं.

"माझ्या भावाचं कै. काय भिंग लावून वाचायचं? रकाना रुंद कर."

"मग गावांचा रकाना कागदाबाहेर जाईल."

"कर म्हणतो ना."

तिनं केला. गावांच्या ओळींची शेपटं कागदाबाहेर पडली. "बघा," म्हणाली, "कागद ताणता येतो का?"

मी उठलो नाही. बघत राहिलो. मग दिसलं, प्रत्येक गावापुढं 'ता. जुन्नर, जि. पुणे' लावलेलं.

"हे कशाला? पिंपळवंडी कुठल्या तालुक्यात, हे बैलगाडावाल्याला सांगायचं?"

"अहो, आंबेगावचे पण गाडे आहेत."

"मंग त्यांना बी त्यांचा तालुका ठावं हाय!"

ती हसली आणि तालुके-जिल्हे उडवले. गावांचा रकाना आवळला, पहिला रुंद केला. समाजभूषण आणि श्री. एका ओळीत बसले. नावं मधोमध ठेवली होती, कुणाची सुरुवात कुठं तर कुणाची कुठं. म्हणालो, "डाव्या अंगाला सरळ लाव. सुटायच्या फळीवर गाडा कसा उभा राहतो, तसं."

मग तिनं आपणहून अजून एक काम केलं. "आता प्रत्येकाचं श्री., नाव, गाव एकत्र बांधते. एकाचं वाढलं तरी दुसऱ्याचं घसरणार नाही."

"हे आधी का न्हाई केलं?"

"मागच्या वर्षीची फाईल होती, बाबा. तेव्हा ते समाजभूषण नव्हते."

दोघंही हसलो. मग तिचा हात थांबला. "अध्यक्षांना काय सांगू? त्यांनी नाव काढायला सांगितलंय."

"सांग, म्हातारा खुर्ची सोडत न्हाई."

कागद छापून हातात आला तेव्हाच खुर्ची सोडली.

यात्रेला घाटात आमचा गाडा जुंपला. भोंग्यावरून निवेदक कडाडला, "कैलासवासी..." आणि दादाचं नाव आलं. सगळ्या घाटानं ऐकलं. मग "श्रीयुत..." आणि माझं. अध्यक्ष मांडवात पुढंच बसला होता. मी मुद्दाम त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि हात वर केला. आमच्या गाड्याची बारी सुटेपर्यंत खाली घेतला नाही.